रिकाम्या मैदानाचा पंचनामा

१

पंचनाम्याची मराठी माझ्या हातात बसलेली आहे. सव्वीस वर्षं तालुका न्यायालयात टंकलेखन केलं. साक्षीदारांच्या सरतपासण्या आणि उलटतपासण्या टाइप केल्या, निशाणी क्रमांक पडलेले पंचनामे रोज हाताळले. तारीख, वेळ, जागा, जागेच्या चतुःसीमा, हजर कोण, काय दिसलं, काय मिळालं, खाली सह्या. या भाषेत विशेषणाला जागा नसते. कुणाला काय वाटलं हे तिथं येत नाही. ते पुढं साक्षीच्या वेळी येतं, आणि तेव्हा दोन पंचांचं म्हणणं क्वचितच जुळतं.

म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी मॉस्कोतल्या एका कलावंतगटाची टिपणं वाचायला घेतली तेव्हा ती कलेविषयी आहेत हे पहिल्या वाचनात माझ्या ध्यानातच आलं नाही. पहिल्या टिपणाचा आशय असा : १३ मार्च १९७६, मॉस्को, इझमाइलोवो उद्यानातलं मैदान. निमंत्रित सुमारे तीस. सगळे मैदानाच्या कडेला जमल्यावर पाचेक मिनिटांनी समोरच्या झाडीतून दोघे बाहेर पडले. मैदान ओलांडून ते जमलेल्यांपाशी आले आणि प्रत्येकाच्या हाती त्यांनी एक कागद दिला. ‘प्रकटन’ नावाच्या कृतीच्या वेळी आपण हजर होता, एवढाच दाखला त्या कागदावर होता. कृती संपली.

आमच्या पिढीनं रशिया पाहिला तो स्वस्तातल्या गुळगुळीत पुस्तकांतून. जत्रेत, एसटी स्टँडवर, प्रदर्शनाच्या गाडीत ती मिळत. त्यांतली चित्रं पाहूनच मी पुढं विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात रशियनचा सर्टिफिकेट कोर्स केला. बाकीची भाषा शब्दकोशानं शिकवली. कलेच्या इतिहासाचं रीतसर शिक्षण मला नाही. पण या टिपणांपुढं ते नसल्याची अडचण वाटली नाही. कागद काय सांगतो आणि काय गाळतो, हे पाहणं हेच माझं काम होतं.

२

या गटाचं नाव ‘कोल्लेक्तिव्नीये देइस्त्विया’, म्हणजे ‘सामूहिक कृती’. आंद्रेई मोनास्तिर्स्की, निकिता अलेक्सेयेव, गिओर्गी किझेवाल्तर आणि निकोलाय पानित्कोव हे सुरुवातीचे चौघे. पुढं इगोर माकारेविच, येलेना येलागिना, सेर्गेई रोमाश्को आणि जर्मनीहून आलेली साबिने हेन्सगेन हीही मंडळी त्यांत आली. मॉस्कोबाहेर आगगाडीनं जायचं, रानाच्या कडेचं एखादं मोकळं मैदान गाठायचं, तिथं काहीतरी साधं, बहुतेकदा निरर्थक वाटणारं करायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं. शंभराहून अधिक वेळा त्यांनी हे केलं. या सहलींची कागदपत्रं टंकलिखित खंडांत बांधली आणि त्यांना नाव दिलं ‘पोयेझ्दकी झा गोरद’, म्हणजे ‘शहराबाहेरच्या फेऱ्या’. पहिला खंड १९८० चा. छापील पुस्तक निघायला १९९८ उजाडलं.

शहराबाहेरच का, याचं सरळ उत्तर आहे. सोव्हिएत व्यवस्थेत प्रदर्शनाच्या जागा कलावंत संघाच्या ताब्यात होत्या. संघाला न मानवणाऱ्यांनी १५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोच्या कडेला बेल्यायेवो इथं उघड्या माळावर चित्रं मांडली, तेव्हा त्यांच्यावर बुलडोझर आणि पाणी मारणाऱ्या गाड्या घातल्या गेल्या. परदेशी वार्ताहरांसमोर हे घडल्यामुळं सरकारची नाचक्की झाली, आणि दोन आठवड्यांनी, २९ सप्टेंबरला, चार तासांच्या प्रदर्शनाला परवानगी मिळाली. ती मिळाली इझमाइलोवोच्या उद्यानात. दीड वर्षानं ‘प्रकटन’ झालं ते त्याच इझमाइलोवोत. जमलेल्यांना ही जागा ठाऊक असणारच. या वेळी मात्र जप्त करायला चित्रं नव्हती. दोन माणसं मैदान ओलांडत होती, आणि मैदान ओलांडणं हा गुन्हा नव्हता.

दुसरी गोष्ट उपजीविकेची. समाजोपयोगी काम न करणाऱ्याला ‘ऐतखाऊ’ ठरवून शिक्षा करणारा कायदा तिथं होता. कवी ब्रोद्स्कीवर १९६४ मध्ये याच आरोपाखाली खटला चालला. त्यामुळं प्रत्येकाला कागदोपत्री धंदा हवा होता. या वर्तुळातले इल्या काबाकोव, व्हिक्तर पिवोवारोव, एरिक बुलातोव, ओलेग वासिल्येव हे मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून पोट भरत. दिवसा सरकारी प्रकाशनासाठी ससे आणि अस्वलं काढायची, उरल्या वेळात मित्रांना दाखवण्यापुरतं स्वतःचं काम करायचं. लहानपणी जी चित्रं मी बोटांनी चाचपली, ती कुठल्या जगात निघत होती याचा पत्ता मला असा चाळिशी ओलांडल्यावर लागला.

३

आता काही कृती. ‘प्रकटन’नंतर तीनच आठवड्यांनी, २ एप्रिल १९७६ रोजी, त्याच मैदानात बर्फाखाली एक विजेची घंटा पुरून ठेवली होती. पाहुणे आले, त्यांनी घंटा ऐकली, ते निघून गेले. घंटा वाजत राहिली. १९७७ च्या जानेवारीत रानातल्या दोन झाडांमध्ये लाल कापडाचा फलक बांधला. सोव्हिएत चौकाचौकांत असे फलक असत, त्यांवर पक्षाच्या घोषणा असत. या फलकावर मात्र एकवचनी ‘मी’ बोलत होता. त्याचं म्हणणं असं, की कसली तक्रार नाही. फलक तिथंच सोडून सगळे परतले. वाचणारा आला तर आला. त्याच जूनमध्ये कापडाच्या मोठ्या पिशवीत फुगे भरून चारेक मीटरचा एक गोळा तयार केला, त्यात घंटा ठेवली आणि गोळा क्ल्याझ्मा नदीत सोडून दिला.

मला सगळ्यांत आवडते ती १५ ऑक्टोबर १९७८ ची ‘कृतीचा वेळ’. मैदानाच्या कडेला उभं राहून पलीकडच्या रानातून एक दोरी ओढायची. दोरी सात किलोमीटर लांब होती. ओढणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. दीडेक तास ते दोरी ओढत राहिले. पहिल्या पाच मिनिटांत उत्सुकता, मग थट्टा, मग कंटाळा, मग आपण नेमकं काय ओढतोय याचा तर्क, आणि मग नुसते हात चालणं. टोकाला काही बांधलेलं असेल असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी दोरीचं टोक आलं. त्याला काही बांधलेलं नव्हतं.

आपल्याकडं कार्तिकात आवळीभोजनाला माणसं गावाबाहेर जातात. दोरीच्या टोकाशी काही नसणं ज्यांना खटकतं त्यांनी आठवून पाहावं, की घरचंच जेवण डब्यात भरून आवळीखाली नेऊन खाण्यात काय असतं. जाणं असतं, सोबत असते, आणि एरवी पोटात ढकलायचे तेच घास लक्ष देऊन खाणं असतं. मोनास्तिर्स्की ज्याला ‘रिक्त कृती’ म्हणतो ती मला इथून समजली. ज्याची वाट पाहिली ते येत नाही, आणि वाट पाहण्याचा वेळ मात्र पहिल्यांदा दिसायला लागतो. अमेरिकन संगीतकार जॉन केजनं १९५२ मध्ये एकही सूर न वाजवता श्रोत्यांना सभागृहातले आवाज ऐकायला लावले होते. मॉस्कोच्या मंडळींना केज माहीत होता. फरक असा, की केजचे श्रोते तिकीट काढून आले होते आणि खुर्च्यांवर बसले होते. इथले लोक फोनवरच्या मोघम निरोपावर, कुठल्या स्टेशनात उतरायचं एवढंच कळल्यावर, बर्फ तुडवत आले होते.

४

‘दहा प्रकटनं’ ही कृती १ फेब्रुवारी १९८१ रोजी सव्योलोव्स्की रेल्वेमार्गावरच्या कियेवी गोर्की या खेड्याजवळच्या मैदानात झाली. मैदानाच्या मधोमध बर्फावर एक फळी ठेवलेली, फळीवर खिळे, खिळ्यांवर पांढऱ्या दोऱ्याची रिळं. निमंत्रित दहा. प्रत्येकानं आपल्या दोऱ्याचं टोक धरायचं आणि सरळ रेषेत रानाकडं चालत जायचं, दहा जणांनी दहा दिशांना. झाडीत शिरल्यावर उरलेला दोरा स्वतःकडं ओढायचा. दोरा दोन-तीनशे मीटर, बर्फ गुडघ्याच्या वर. शेवटी टोकाला बांधलेला कागद हाती येतो. त्यावर आयोजकांची नावं, कृतीची वेळ आणि जागा. पुढं काय करायचं याची सूचना कुणाला दिलेली नव्हती.

आठ जण परत मैदानाच्या मध्यावर आले. प्रत्येकाला पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो मिळाला. दूरवर रानातून बाहेर येणारी एक पुसट आकृती, आणि खाली त्या त्या पाहुण्याचं नाव घालून लिहिलेलं, की हे अमक्याचं १ फेब्रुवारी १९८१ चं प्रकटन. फोटो अर्थातच आधी काढून ठेवलेले होते. आकृती कुणाची हे ओळखू येणार नाही इतक्या अंतरावरून ते घेतले होते. या अंतराला गटाच्या परिभाषेत ‘अभेदाचा पट्टा’ म्हणतात. समोर माणूस आहे हे दिसतं, कोण आहे हे दिसत नाही. काबाकोव परतलेल्या आठांत होता. आपला अनुभव त्यानं नंतर लिहून दिला.

दोघे परत आले नाहीत. रानातून ते तसेच पुढं निघून गेले.

५

या गटावर बरंच लिहिलं गेलं आहे. बोरिस ग्रोइसनं १९७९ मध्ये पॅरिसहून निघणाऱ्या ‘आ-या’ या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात त्यांना ‘मॉस्कोचा रोमँटिक संकल्पनावाद’ या छत्राखाली आणलं. २०११ च्या व्हेनिस बिएनालेत रशियाचं दालन त्यानंच मोनास्तिर्स्की आणि या गटासाठी मांडलं. क्लेअर बिशपनं २०१२ च्या ‘आर्टिफिशियल हेल्स’मध्ये सहभागाच्या कलेच्या इतिहासात त्यांना जागा दिली. तिचं मोलाचं निरीक्षण असं, की सगळं सामूहिक करायला लावणाऱ्या समाजात यांचा खेळ माणसाला स्वतःचा खासगी अनुभव परत देत होता. त्याच वर्षी येलेना कालिन्स्कीनं पाहुण्यांच्या पहिल्या पाच वर्षांतल्या आठवणी इंग्रजीत आणल्या. पंचनाम्याला साक्षी जोडल्या गेल्या.

आपल्याकडं या गटाविषयी बोललं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : यात राजकारण कुठं आहे? दुसरा : मग ही पळवाट नाही का? दोन्ही प्रश्न मैदान रिकामं आहे हे गृहीत धरतात. मला ते तसं वाटत नाही. ‘हजर होता’ असा कागद त्या देशात कोण देत असे? कारखाना, संघटना, पोलीस. हजेरी ही वरून लावली जाणारी गोष्ट होती. इथं चार मित्र तीस मित्रांना हजेरीचा दाखला देतात, आणि तो कुठल्याच कामाचा नसतो. हा विनोद आहे. पण एकमेकांच्या असण्याला साक्ष राहण्याचा अधिकार आपण सरकारकडून काढून घेतो आहोत, हेही त्यात आहे. माझ्या नोकरीत साक्ष म्हणजे कुणाविरुद्ध तरी. कुणाविरुद्ध नसलेली साक्ष मी पहिल्यांदा या कागदांत वाचली.

तरी आक्षेप घ्यायला जागा आहे, आणि भक्तिभावानं लिहिणारे तो घेत नाहीत. या खेळात नेहमी काही जणांना सगळं ठाऊक असतं आणि बाकीच्यांना काहीच ठाऊक नसतं. दोरी ओढणाऱ्याला तिची लांबी माहीत नाही. दोरी आणणाऱ्याला माहीत आहे. फोटो आधी तयार आहे, म्हणजे पाहुण्याचं ‘प्रकटन’ त्याच्या आधीच झालेलं आहे. त्यानं फक्त ते भरून काढायचं आहे. ज्या समाजात प्रत्येकाचा निकाल आधी लागलेला असे, त्या समाजातच राहून हा खेळ रचला गेला. त्या सवयीचा थोडा अंश खेळातही उतरला आहे असं मला वाटतं. पुढच्या वर्षांत ध्वनिफिती, स्लाइड आणि लांबलचक भाष्यं वाढत गेली तसा हा अंश वाढला. मैदानात घडतं थोडं आणि त्यावर लिहिलं जातं फार, असं होऊ लागलं.

या आक्षेपाला उत्तर ते दोघे देतात. आधी काढलेले, नावं घातलेले त्यांचे दोन फोटो आयोजकांच्या हातात राहिले. कुणी त्यांच्यामागं धावलं नाही. आणि टिपणात काय लिहिलं? आठ परतले, दोघे परतले नाहीत. नावानिशी, सारवासारव न करता. आपल्या बेतात न बसलेली गोष्ट आपल्याच हातानं कागदावर घालणं किती अवघड असतं, हे मला ठाऊक आहे. पंच फितूर झाला तर सरकारी वकील काय करतो हे मी सव्वीस वर्षं पाहिलं. इथं फितूर पंचांची नोंद खुद्द पंचनाम्यात आहे.

परत न येण्याची मुभा नसेल तर परत येण्याला अर्थ नाही. ज्या देशाची हद्द परवानगीशिवाय ओलांडता येत नव्हती, तिथं हिवाळ्यातल्या एका दुपारी दोन माणसं एका रेषेत चालत गेली आणि कुणालाही जाब न देता दिसेनाशी झाली. त्या वर्तुळातले बरेच जण पुढं खरोखरच देश सोडून गेले : ग्रोइस १९८१ मध्ये, पिवोवारोव १९८२ मध्ये, काबाकोव आणि अलेक्सेयेव १९८७ मध्ये. अलेक्सेयेव काही वर्षांनी परतला; २०२१ मध्ये तो वारला. त्या दोघांच्या निघून जाण्याचा आणि या देशांतरांचा संबंध मी जोडत नाही. दहांच्या दहा परतले असते, तर ती कृती एक सुबक युक्ती राहिली असती, एवढंच म्हणते.

६

हे मला आधीपासून कळलं होतं असं मात्र नाही.

दोन वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या घाटाखाली, एका धरणाच्या पाणलोटाशेजारी भरलेल्या निवासी कलाशिबिरात मला बोलायला बोलावलं होतं. तीन दिवस, चाळीसेक मुलंमुली, तंबू, माती, रंग, रात्री शेकोटी. शिबिर वाईट नव्हतं. मुलं मनापासून काम करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘दहा प्रकटनं’विषयी बोलले. मुलांना ते इतकं आवडलं, की दुपारी माळावर तसंच काही करायचं ठरलं. शेजारच्या गावातून सुतळीची बंडलं आणली. दहा मुलं दहा दिशांना करवंदीच्या जाळ्यांकडं गेली. उरलेली तीस त्यांचं मोबाइलवर चित्रण करत होती. नऊ परत आली.

दहावी मुलगी अर्धा तास आली नाही तेव्हा आयोजक घाबरले. त्यांचं घाबरणं बरोबर होतं. पाणी जवळ होतं आणि पालकांना उत्तर त्यांना द्यायचं होतं. जीप काढली, शिट्ट्या झाल्या. मीही “बघा, लवकर बघा” म्हणत होते. ती पाचशे पावलांवर ओढ्याकाठी कातळावर बसलेली सापडली. सुतळीचं टोक मनगटाला गुंडाळलेलं. सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी निघाली. शिस्त मोडली, सगळ्यांचा वेळ घालवला. ती म्हणाली, “तिथं बसावंसं वाटलं म्हणून बसले.” संध्याकाळी माझ्या तंबूपाशी येऊन तिनं विचारलं, “मॅडम, त्या रशियातल्या गोष्टीत सगळे परत आले होते का?”

मी सकाळच्या भाषणात त्या दोघांचा उल्लेख केला नव्हता. आजवर कुठल्याच भाषणात केला नव्हता. वाचताना ती ओळ मी पाहिली होती, पण सांगताना गोष्ट फोटोंवर छान संपते म्हणून गाळत आले होते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब एक शब्द न बदलता टाइप केलेल्या बाईनं हे केलं होतं. तिला मी खरं सांगितलं. ती काही बोलली नाही, जेवायच्या रांगेकडं गेली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. जाड कागद, प्रायोजकाचं बोधचिन्ह, नाव, आणि शिबिरात हजर राहिल्याचा दाखला. तिलाही मिळालं. शब्द जवळजवळ १९७६ च्या दाखल्यातलेच होते. तो कागद नोकरीच्या अर्जाला जोडता येतो, आणि जोडावा. मुलांना त्याची गरज आहे. पण मॉस्कोच्या कागदाचा जीव तो कुठंही जोडता न येण्यात होता.

अशी शिबिरं आता दिवाळीनंतर जागोजागी भरतात. घाटात, समुद्राकाठी, जुन्या वाड्यांत. त्यांच्या वेळापत्रकांत निसर्ग असतो, खेळ असतो, मुक्त अभिव्यक्तीचे तास असतात. मॉस्कोच्या मंडळींशी तुलना करून त्यांना हिणवण्यात अर्थ नाही. ती मंडळी प्रौढ होती, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होती, आणि त्यांच्यावर कुणाच्या लेकरांची जबाबदारी नव्हती. तरी आयोजकांना एक गोष्ट सुचवते. वेळापत्रक आखताना कुणी एखादं सत्र सोडून ओढ्याकाठी जाऊन बसला तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवा. कुठपर्यंत जायचं ती हद्द सांगा, शिट्टी द्या, पाण्याजवळ माणूस उभा करा. आणि मग त्याला बसू द्या. अहवाल लिहाल तेव्हा तेही लिहा.

मी माझ्या भाषणाचं टिपण दुरुस्त केलं आहे. शेवटची ओळ आता अशी आहे : निमंत्रित दहा, परतले आठ.